पोर्शे ९११ : हवा आणि पाणी

* ‘जुनी ९११’ : लेखकाच्या मनात आहे ती १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात प्रथम दिसलेली आणि १९९८पर्यंत हवेनेच इंजिन थंड ठेवणारी पोर्शे. तिला रेडिएटर नाही. मागच्या चाकांच्याही पलीकडे बसवलेल्या, आडव्या मांडणीच्या सहा सिलिंडरांवर एक मोठा पंखा हवा सोडतो. मोटारसायकलच्या इंजिनावर असतात तशा धातूच्या पातळ कडा उष्णता बाहेर टाकतात आणि उरलेला बराच भार तेल उचलते. सिलिंडरांभोवती पाण्याचे आवरण नसल्याने आतला आवाज दबत नाही. तो कोरडा, खणखणीत आवाज हे या गाडीचे मोठेच वैभव आहे.

मात्र एका सिलिंडरला चार व्हॉल्व्ह द्यायचे, तर हेडमधली उष्णता नुसत्या हवेने काढणे फार अवघड. त्यात धुराचे आणि आवाजाचे नियम कडक होत गेले. म्हणून १९९७ साली आलेल्या ‘९९६’ या पिढीत पाणी आले. इंजिन ३.६ लिटरवरून ३.४ वर उतरले, तरी ताकद ३०० अश्वशक्तीपर्यंत चढली. पहिल्या ९११ची होती १३०.

वजन मात्र तेव्हाच्या सुमारे १,०८० किलोंवरून आज दीड टनाच्या घरात गेले आहे, आणि हलकेपणाबद्दलची लेखकाची हळहळ रास्त आहे. नव्या गाड्यांना सरसकट ‘निर्जीव’ म्हणणे मात्र पटत नाही : आजच्या जीटी३चे चार लिटरचे, टर्बो नसलेले इंजिन मिनिटाला ९,००० फेऱ्यांपर्यंत जाते. — संपा.