साखर किती खाली आणावी? वृद्ध मधुमेहींच्या उपचाराचा इतिहास

नियंत्रण प्रणाली शिकताना आपण आधी 'सेट पॉइंट' ठरवतो, म्हणजे यंत्रणेने कोणती पातळी राखायची ते. मधुमेहाच्या उपचारातही हाच प्रश्न येतो. वृद्ध रुग्णांसाठी त्याचे उत्तर ठरायला बराच काळ लागला.

१. आधी जगणे

११ जानेवारी १९२२ रोजी टोरंटो येथे १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला इन्सुलिन असलेल्या अर्काचे पहिले इंजेक्शन दिले गेले. अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. जेम्स कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीला दिल्यावर त्याची साखर उतरली. पुढे रुग्ण अनेक वर्षे जगू लागले, तसे डोळे, मूत्रपिंडे, नसा आणि हृदय यांचे विकार ठळक झाले. प्रश्न बदलला: साखर किती ठेवली तर हे विकार टळतील?

२. कमी म्हणजे चांगली?

मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी ही चाचणी आल्यावर हा प्रश्न आकड्यांत मांडता आला. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या 'यूकेपीडीएस' अभ्यासात मधुमेहाचे नव्याने निदान झालेले ५,१०२ रुग्ण होते. १९९८ च्या निष्कर्षांनुसार साखर काटेकोर ठेवल्याने डोळे व मूत्रपिंडे यांचे विकार कमी झाले. मात्र प्रवेशाच्या वेळी हे रुग्ण २५ ते ६५ वर्षांचे होते. त्यांचा नियम ऐंशीच्या आजोबांना जसाच्या तसा लावता येईल का?

३. २००८ चा धक्का

अमेरिका व कॅनडातील 'अकॉर्ड' अभ्यासात १०,२५१ रुग्ण होते. त्यांचे सरासरी वय ६२ होते आणि हृदयविकाराचा धोका जास्त होता. एका गटाचे एचबीए१सीचे लक्ष्य ६ टक्क्यांखाली, तर दुसऱ्याचे ७ ते ७.९ टक्के होते. फेब्रुवारी २००८ मध्ये काटेकोर उपचार थांबवावे लागले, कारण त्या गटात २५७ मृत्यू झाले होते आणि दुसऱ्यात २०३. एवढे मृत्यू का झाले, याचे एकच कारण सिद्ध झाले नाही. मात्र साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंग काटेकोर गटात कितीतरी जास्त होते.

४. नवा सेट पॉइंट

वार्धक्यात मूत्रपिंडे मंदावतात, त्यामुळे काही औषधे शरीरात जास्त वेळ राहतात. जेवण अनियमित होते. घाम, धडधड या धोक्याच्या खुणा पुसट होतात. माणूस चक्कर येऊन पडतो आणि मांडीचे हाड मोडते. काटेकोर नियंत्रणाचा लाभ मिळायला मात्र अनेक वर्षे लागतात.

म्हणून २०१२ साली अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने वृद्धांसाठी तीन पायऱ्या सुचवल्या: प्रकृती चांगली असल्यास ७.५ टक्क्यांखाली, अनेक आजार असल्यास ८ खाली, अतिशय खालावलेल्या प्रकृतीत ८.५ खाली.

भारतात सुमारे १० कोटी मधुमेही असल्याचा अंदाज २०२३ साली 'आयसीएमआर-इंडियाब' अभ्यासाने मांडला. त्यांतील अनेक जण आपल्याच घरांत वृद्ध होत आहेत. आजीच्या रिपोर्टवर ७.८ दिसले, तर लगेच रागावू नका आणि गोळी स्वतः बदलूही नका. डॉक्टरांना विचारा, "हिच्यासाठी योग्य आकडा कोणता?"

विचार करा: अभ्यासात ज्या वयोगटाचा समावेशच नाही, त्याला त्याचे निष्कर्ष लावताना कोणती काळजी घ्यावी?