गुलबकावलीचं बिऱ्हाड

मे महिन्यात परभणीला येणारा पाहुणा एक तर अतिशय प्रेमळ असतो किंवा त्याला परभणीचा मे ठाऊक नसतो. आमचा नातू पहिल्या प्रकारातला. पुण्याहून आला, कूलरपुढे आडवा झाला आणि मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसला, तो जेवायलाच उठला.

मी विचारलं, "काय रे एवढं?"

"आजोबा, मांगा."

"माग की. पण शंभराच्या वर नको."

मांगा म्हणजे जपानी चित्रकथा, हे कळेपर्यंत शंभराची नोट त्याच्या खिशात गेली होती. ती परत मागण्याऐवजी मी गोष्ट मागितली. त्याने ती सांगितली. एका शहराखाली तळघर, त्याखाली तळघर, प्रत्येक मजल्यावर राक्षस. अंगात फारसा गुण नसलेला एक मुलगा त्यात उतरतो. दर मजल्यावर त्याला एक राक्षस आणि एक मुलगी भेटते. राक्षस मरतो, मुलगी प्रेमात पडते. पाचव्या भागापर्यंत मागे पाच मुलींची दिंडी. या प्रकाराला तिकडे 'हारेम' म्हणतात. आपण जनानखाना म्हणू.

"मग लग्न कुणाशी करतो?"

"तीच तर बोंब आहे आजोबा. कुणालाच हो म्हणत नाही. म्हटलं तर गोष्ट संपेल ना!"

पोरगा तसा परखड. म्हणाला, त्या पाचजणींत एक सारखी चिडते, एक सारखी रडते, एक सारखी खाते, याखेरीज त्यांना काही येत नाही. भांडल्या तरी याच्यावरूनच भांडतात. फुजिनो ओमोरी या लेखकाची २०१३ पासून चालू असलेली अशी एक कथा फार गाजली. आधी कादंबरी, मग चित्रं. तळघरात मुली गाठायला बघणं चूक आहे का, असा तिच्या नावाचाच सवाल. आणि तिच्या नायकाला हे वेड लावलं कुणी? त्याच्या आजोबांनी, गोष्टी सांगून सांगून!

हे ऐकून मी जरा सावरून बसलो. कारण मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात, आणि माझे आजोबाही असंच पुस्तक उजवीकडून उघडत. ते निजामाच्या महसूल खात्यात होते. शिक्षण, कचेरी, सगळं उर्दूत. रात्री ओसरीवर कंदिलाच्या उजेडात ते उर्दू गुलबकावली डोळ्यांनी वाचत आणि तोंडाने मराठीत सांगत.

ही गुलबकावली तशी बरीच प्रवास केलेली बाई. १७२२ साली इज्जतुल्ला बंगाली यांनी ती फारसीत लिहिली. १८०३ साली कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात निहालचंद लाहोरी यांनी तिला उर्दूत आणलं. पुढे मराठी गुलबकावली जत्रेच्या पालावर हातिमताईच्या शेजारी विकायला बसली. गोष्ट अशी. बादशहाचे डोळे जातात, औषध एकच, बकावली परीच्या बागेतलं फूल. धाकटा राजपुत्र ताजुलमुलूक निघतो. वाटेत फाशांच्या खेळात लोकांना लुबाडणारी दिलबर. तिला हरवतो, ती याची. पुढे राक्षसीण, तिने सांभाळलेली महमूदा. तीही याची. उंदीर झालेले राक्षस जमिनीखालून भुयार खणतात, त्यातून हा बागेत. तिथे बकावली. नंतर सिंहलद्वीपाची राजकन्या चित्रावत, तिचाही जीव जडतो. भुयार आहे, राक्षस आहेत, मुली चार आहेत. जपान्यांनी नवीन काय केलं? एक मुलगी वाढवली.

पण जपान्यांना तरी का हसावं? दर नरकचतुर्दशीला पहाटे कुडकुडत आपण पायाखाली कारीट फोडतो. नरकासुराच्या बंदिशाळेतून श्रीकृष्णाने सोळा हजारांवर स्त्रिया सोडवल्या आणि सगळ्यांशी लग्न केलं. आठ पट्टराण्यांची नावं कीर्तनकार घडाघडा सांगतात. उरलेल्यांतल्या एकीचं नाव सांगा पाहू.

असल्या गोष्टी लिहिल्या का जातात, याचं खरं उत्तर १८६८ सालीच एका मराठी माणसाने देऊन ठेवलंय. नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' ही अद्भुतरम्य कादंबरी त्या साली निघाली. तिच्या प्रस्तावनेत त्यांनी कबूल केलं की आपली लग्नाची रीत आणि आणखी काही कारणं यांमुळे आपल्या आयुष्यात रंजक असं काही घडतच नाही. म्हणून कल्पनेतलं अद्भुत लिहावं लागतं. बरोबरच आहे. ज्या गावात तरण्या पोराला परक्या पोरीशी चार वाक्यं बोलायची सोय नाही, तिथे त्याला एकदम चार परीच लागतात. माझंच सांगतो. विसाव्या वर्षापर्यंत नात्याबाहेरच्या मुलीशी मी एकच वाक्य बोललो होतो, आणि ते "तुमची ओढणी सायकलीत अडकतीय" हे होतं. मनात मात्र दिलबर, महमूदा, सगळ्या.

पण आमच्या घरची गोष्ट वेगळी होती. आजोबांना खरोखरच दोन बायका होत्या. थोरलीला दहा वर्षं मूल झालं नाही म्हणून धाकटी आणली. रक्ताने मी धाकटीचा नातू, वाढलो थोरलीच्या मांडीवर. मुंबई इलाख्यात दुसऱ्या बायकोला बंदी करणारा कायदा १९४६ साली झाला. आम्ही हैदराबाद संस्थानात, आमच्याकडे ती बंदी यायला १९५५चा हिंदू विवाह कायदा उजाडावा लागला. आजोबांनी ती बातमी मोठ्याने वाचली तेव्हा थोरली म्हणाली, "तीस वर्षं उशीर! आपली मनमाडची गाडी बी इतकी लेट येत न्हाई."

त्याच सुमाराची रात्र असेल. आजोबा गुलबकावलीच्या शेवटाला आले. चौघीजणी एका राजवाड्यात सुखाने नांदू लागल्या. उंबऱ्याशी दोघी आज्या डाळ निवडत होत्या. थोरलीचा हात थांबला.

"चुली किती होत्या, तेवढं लिहिलंय का बघा त्यात."

आजोबांनी पान उलटलं, परत उलटलं. "ते नाही लिहिलेलं."

"मग बाप्यानंच लिहिलंय ते."

धाकटी कधी मोठ्याने हसत नसे. त्या रात्री तिच्या सुपातली डाळ सांडली.

थोरली गंगाखेडची, जनाबाईच्या गावची. पहाटे दोघी एकाच जात्याला बसत, एका खुंट्याला दोघींचे हात. ओव्या जनाईच्या. विठ्ठल जनीला दळू लागतो, तिची वाकळ पांघरून घरी येतो, आणि रुक्मिणी त्याला उभा धरून हिशेब विचारते. थोरली रुक्मिणीच्या बाजूने ओवी घाली, धाकटी जनीच्या. दिवसभरात एकमेकींना जे बोलता येत नसे ते सगळं पिठाबरोबर बाहेर पडे. खाली अंथरुणात मी ऐकत असे, आणि बहुधा आजोबाही. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या बायकांच्या जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, तेव्हा मला वाटलं, आमच्या जात्याशी कुणी यायला हवं होतं. पंढरपुरात रुक्मिणीचं देऊळ विठ्ठलापासून वेगळं आहे, ती रुसून निघाली म्हणून, असं लोक सांगतात. प्रत्यक्ष देवाच्या बायकोने वेगळं बिऱ्हाड केलं, आणि ताजुलमुलूकच्या चौघींना एक साधा रुसवासुद्धा मिळू नये!

त्या रात्रीनंतर आठवड्याभरात आमच्या परसात दुसरी चूल झाली. माती धाकटीने कालवली, चूल थोरलीने थापली. कोण कुठल्या चुलीवर रांधणार हे आजोबांना कुणी विचारलं नाही. जेवायला कुठे बसायचं हे मात्र त्यांना रोज विचारून घ्यावं लागे.

मी हे सांगत होतो तेव्हा नातवाने मोबाइल बाजूला ठेवला होता. जरा वेळाने म्हणाला, "आजोबा, एक मांगा आहे. तळघरच आहे, पण त्यात हारेम नाही. ते लोक राक्षस मारतात आणि शिजवून खातात. र्‍योको कुई म्हणून बाई आहेत, त्यांनी काढलीय. २०१४ ते २०२३, चौदा भाग."

"चूल आहे त्यात?"

"पहिल्याच प्रकरणात!"

"आण इकडे," मी म्हणालो आणि चष्मा पुसला. सवयीने मी डावीकडून सुरू करायला गेलो. त्याने माझं बोट धरून उजव्या कडेला नेलं.