वाट, पाणी आणि वहिवाट

शेतात बैलगाडी उतरवायची तर रस्त्याकडेचा चर ओलांडावा लागतो. त्यात मोरी न घालता नुसता मातीचा भराव टाकला, की पावसाचे पाणी तुंबून शेजाऱ्याच्या पिकात शिरते. वाट आणि पाणी या दोहोंचे तंटे मुंबई इलाख्याच्या १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाने एकाच कलमात आणले. पृष्ठजलाच्या नैसर्गिक प्रवाहातील बेकायदा अडथळा दूर करविण्याचा आणि वहिवाटीच्या रस्त्याची अडवणूक मनाई हुकमाने थांबविण्याचा अधिकार कलम ५ ने मामलेदारास दिला. मात्र दाव्याची मुदत सहा महिन्यांची ठेवली. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ ने दुसऱ्याच्या बांधावरून वाट देण्याचा निर्णय तहसीलदाराकडे सोपविला. पहिला कायदा चालत आलेला वापर राखतो. दुसरा कसणाऱ्याची वाजवी गरज पाहतो.

शब्दार्थाच्या दृष्टीने हा फरक लक्षणीय आहे. इंग्रजी मसुद्यात रूढी हे वाटेचे केवळ विशेषण आहे. मराठीतील ‘वहिवाट’ वापर आणि त्यातून उपजणारा हक्क हे दोन्ही अर्थ एकत्र वाहते. ज्याच्यापाशी जुनी वहिवाट नाही, त्या शेतकऱ्याची बाजू मात्र या शब्दात मावत नाही. तिला जागा मिळाली ती ‘गरज’ या साध्या शब्दामुळे.