लंडनच्या गोदीतील चालकाविना रेल्वे

लंडनच्या पूर्वभागात विटांच्या कमानींवर उभारलेला एक जुना रेल्वेमार्ग आहे. १८४० साली त्यावरून लंडन-ब्लॅकवॉल रेल्वे धावू लागली. मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटायला तेव्हा तेरा वर्षे अवकाश होता. या गाडीला इंजिनच नव्हते! मार्गाच्या दोन्ही टोकांना वाफेची स्थिर यंत्रे बसविली होती व ती दोर गुंडाळून डबे ओढीत. यंत्र केव्हा सुरू करायचे याची वर्दी नव्याने निघालेल्या तारायंत्राने जाई. मधल्या स्थानकावर उतरायचे तर डब्यातला गार्ड दोर सोडी आणि ब्रेक लावी. दोरांचा त्रास फार. १८४९ पासून साधी इंजिने आली.

त्याच कमानींच्या काही भागावरून १९८७ साली चालक नसलेली गाडी धावू लागली. हा योगायोग आम्हांला मोठा बोलका वाटतो.

मधल्या काळात गोद्या ओस पडल्या होत्या. ईस्ट इंडिया गोदी १९६७ मध्ये, वेस्ट इंडिया गोदी १९८० मध्ये आणि रॉयल गोद्या १९८१ मध्ये बंद झाल्या. मोठमोठ्या पेट्यांतून माल नेणारी जहाजे तिथवर येईनात; पिढ्यान् पिढ्या माल उतरविणारी कुटुंबे बेकार झाली. सरकारने १९८१ मध्ये त्या भागासाठी विकास महामंडळ नेमले. भुयारी रेल्वे फार महाग पडती, म्हणून ही हलकी रेल्वे आली. खर्च ७ कोटी ७० लाख पौंड, गाड्या ११, स्थानके १५. (पुढे तिथे बँकांच्या गगनचुंबी कचेऱ्या उठल्या, पण हमालाच्या हाताला तिथे काय काम मिळणार, हे श्रोत्यांना सांगायला नको.)

गाडी हाकण्याचे काम गणकयंत्राकडे होते. वेग वाढविणे, आवरणे, स्थानकात नेमक्या जागी थांबणे हे सारे तेच करी. तरी गाडीत एक माणूस असेच. त्याला ‘ट्रेन कॅप्टन’ म्हणत. तो तिकिटे तपाशी, दारे लावी. दारे लागली की गाडी निघे. फ्रान्समधील लील शहराने १९८३ मध्येच डब्यात कोणीही नोकर नसलेली गाडी सुरू केली होती. लंडनने तो पल्ला गाठला नाही.

ते शहाणपणाचेच झाले, असे आमचे मत आहे. १० मार्च १९८७ रोजी, उद्घाटनापूर्वी, चाचणीची एक गाडी आयलंड गार्डन्स स्थानकाचा अडसर तोडून उंच मार्गाच्या टोकाला लोंबकळत राहिली. ती त्या वेळी माणूस चालवीत होता. १९९१ च्या एप्रिलात दोन गाड्यांची टक्कर झाली. एक यंत्राच्या हाती, दुसरी कॅप्टनच्या. तेव्हा माणूस तेवढा चुकतो, असे कोणी म्हणेल. पण पहिल्या अपघातात संरक्षक सुधारणा बसण्यापूर्वीच, परवानगीवाचून, चाचणी घेतली गेली होती. चाचणी घेण्याचे ठरविणारी माणसेच होती.

१९९४-९५ मध्ये नवी संकेतयोजना आली. रुळांचे ठरीव तुकडे गेले. प्रत्येक गाडी आपला ठावठिकाणा केंद्राला कळवू लागली व दोन गाड्यांतले सुरक्षित अंतर क्षणोक्षणी मोजले जाऊ लागले. गाडीतला माणूस मात्र आजही आहे. पुढच्या काचेजवळची जागा, जिथे एरवी चालक बसता, तिथे उतारू बसतात. मुलांची तिच्यासाठी धडपड असते. यंत्र अडले की तो नोकर येतो, त्यांना उठवितो, समोरच्या फळीचे कुलूप काढतो आणि गाडी हाताने पुढे नेतो.