एकाच कृतीचे दोन पाठ : आंद्राश शिफ यांच्या ध्वनिमुद्रिका



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी पियानोवादकाचा विषय निवडावा, याचे काहींना नवल वाटेल. गोव्यात तरी ते वाटू नये. चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलिपी येथे शतकानुशतके शिकवली गेली आणि पियानो येथील कित्येक दिवाणखान्यांत पिढ्यान्‌पिढ्या नांदला. माझे कारण मात्र निराळे आहे. जन्मभर मी जुन्या ग्रंथांचे पाठ आणि पाठभेद शिकवले. एकाच कृतीचे दोन पाठ समोर आले असता प्रमाण कोणता मानावा, हा माझ्या व्यवसायातला प्रश्न. आंद्राश शिफ यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकताना तोच प्रश्न मला पुन्हा भेटला.

शिफ यांचा जन्म १९५३ साली बुडापेस्ट येथे झाला. तेथील लिस्ट अकादमीत पाल कादोशा, ग्यॉर्ग कुर्ताग आणि फेरेंत्स रादोश यांच्यापाशी ते शिकले. पुढे लंडनला हार्प्सिकॉर्डवादक जॉर्ज माल्कम यांचेही मार्गदर्शन त्यांना लाभले. १९७९ मध्ये त्यांनी हंगेरी सोडली. १९८० नंतरच्या दशकात डेका कंपनीसाठी त्यांनी बाखच्या प्रमुख कृती मुद्रित केल्या आणि त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. एखादा वादक येथेच थांबला असता. शिफ मात्र त्याच कृतींकडे पुन्हा वळले.

बाखच्या ‘गोल्डबर्ग’ रचनेत एक मूळ धून आणि तिची तीस रूपांतरे आहेत. ती १७४१ च्या सुमारास प्रसिद्ध झाली. शिफ यांनी ती प्रथम १९८२ मध्ये मुद्रित केली. दुसरे मुद्रण २००१ साली बाझेल येथील मैफलीत, श्रोत्यांसमक्ष झाले. ‘वेल-टेम्पर्ड क्लाव्हिअर’च्या दोन भागांत मिळून अठ्ठेचाळीस प्रस्तावना आणि तितकेच फ्यूग आहेत. तीही त्यांनी २०११ मध्ये लुगानो येथे दुसऱ्यांदा मुद्रित केली आणि या खेपेस पेडलला पाय लावला नाही. पेडल दाबले की तारांवरचे दाब उचलले जातात, स्वर रेंगाळतात व एकमेकांत मिसळतात. बाखच्या काळातील वाद्यांना ही सोय नव्हती. पेडल नाकारले की स्वर धरून ठेवण्याचे सारे काम बोटांवर येते आणि फ्यूगमधील प्रत्येक आवाज स्वतंत्र ऐकू येतो. ही लकब नव्हे, हा अर्थनिर्णय आहे.

बेथोव्हेनच्या बत्तीस सोनाटांसाठी तर त्यांनी वयाच्या पन्नाशीपर्यंत वाट पाहिली. २००४ ते २००६ या काळात झुरिकच्या टोनहाले सभागृहात त्या त्यांनी रचनाक्रमाने वाजवल्या. बहुतेकांचे मुद्रण तेथील मैफलींतच झाले. ई.सी.एम. कंपनीने ही मालिका आठ खंडांत काढली.

यापुढचा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २०१३ साली त्यांनी बेथोव्हेनची ‘दियाबेली’ रूपांतरे दोन तबकड्यांवर दिली. कृती एकच, वादक तोच, वाद्ये दोन : एक १९२१ चा बेखश्टाइन, दुसरा व्हिएन्नात १८२० च्या सुमारास घडलेला ब्रोडमानचा फोर्टेपियानो. जणू संपादकाने दोन्ही पाठ समोरासमोरच्या पानांवर छापावेत! २०१५ मध्ये त्याच जुन्या वाद्यावर शूबर्ट आला. शूबर्टच्या सोनाटा पूर्वी त्यांनी आधुनिक पियानोवर वाजवल्या होत्या. जुन्या वाद्यात लोखंडी सांगाड्याचे बळ नाही. पण मंद्र, मध्य आणि तार या प्रदेशांचे रंग वेगळे राहतात, आणि शूबर्टने लिहिलेल्या अतिमृदू स्वरखुणांना तेथे अर्थ येतो. २०२१ मध्ये ब्राम्सचे दोन कॉन्चेर्टो १८५९ च्या सुमाराच्या ब्ल्यूटनर पियानोवर, वाद्यवृंदापुढे संचालक न ठेवता सादर झाले. २०२३ साली तर बाखच्या कृती क्लाव्हिकॉर्डवर आल्या. या वाद्यात पितळी पाते तारेला जाऊन भिडते आणि पट्टी दाबलेली असेतो तसेच राहते; बोटाच्या दाबाने स्वर किंचित हलवता येतो. त्याचा आवाज इतका लहान की मोठ्या सभागृहात तो पोहोचतच नाही. आजच्या मायक्रोफोनमुळेच हे खोलीतले वाद्य हजारो घरांत गेले, ही मौज लक्षात घेण्याजोगी आहे.

मग जे जुने तेच खरे, असे म्हणावे काय? आपल्याकडे एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी, त्याहून प्राचीन म्हणून, एक वेगळी प्रत छापली. तिच्या प्राचीनतेविषयी वाद झाले, पण एकनाथांचा पाठ लोकांच्या ओठांवरून उतरला नाही. जुनी प्रत प्रश्न विचारायला शिकवते. निकाल देण्याचा अधिकार तिला आपोआप मिळत नाही. जुने वाद्य मिळाले, तरी १८२० चा श्रोता परत आणता येत नाही. शिफ यांनी दोन्ही ‘दियाबेली’ एकत्र दिल्या, त्यात मला हाच विवेक दिसतो. नव्या पाठाने पहिला खोटा ठरला नाही. तो त्या वयाचा, त्या वाद्याचा पाठ म्हणून उभा राहिला.

आणखी एक गोष्ट. जानेवारी २०११ मध्ये शिफ यांनी हंगेरीतील वाढता वंशद्वेष आणि तेथील राजवट यांविषयी वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिले. त्यांच्यावर कडवट टीका झाली, आणि पुढे आपण मायदेशी वाजवणार नाही, असे त्यांनी सांगितले. मुद्रण प्रत्यक्ष मैफलीची जागा घेऊ शकत नाही, हे खरे. परंतु जेथे वादक जात नाही तेथे त्याची तबकडी जाते. जन्मगावाच्या श्रोत्याला तेवढा आधार उरतो, आणि तो थोडा नव्हे.

या शाळेतून गेलेल्या आपणा सर्वांना एकच विनंती आहे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांच्यासारखे शिक्षक तीच कविता वर्षानुवर्षे शिकवतात आणि दरवर्षी ती त्यांना थोडी निराळी दिसते. वर्गात आपण जे एकदा ऐकले, तोच शेवटचा पाठ असे मानू नये. शाळेतली पुस्तके पुन्हा उघडावीत. तेव्हाचा अर्थ टाकून देण्याची गरज नाही. त्याच्या शेजारी आजचा अर्थ ठेवावा आणि दोन्ही ताडून पाहावेत.