तोंडातला न भरणारा व्रण कोणाला दाखवावा? एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

नाशिकच्या म्हसरूळ परिसरात महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. १९९८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या छत्राखाली वैद्यक, दंतवैद्यक आणि आयुर्वेद या तिन्ही शाखांची महाविद्यालये येतात. जिभेच्या कडेचा व्रण महिनाभर भरत नसेल, तर यांपैकी कोणाचे दार ठोठवावे?

प्राचीन काळी उत्तर सोपे होते. डोळे, कान, नाक, मुख, मस्तक हे सारे शालाक्यतंत्राचे क्षेत्र. सुश्रुतसंहितेत ओठांपासून कंठापर्यंत सात स्थाने मानून ६५ मुखरोग गणले आहेत.

आधुनिक वैद्यकाने मुखाची वाटणी केली. दात दंतवैद्याकडे गेले, घसा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे. गाल, जीभ आणि टाळू मात्र सीमेवरच्या गावांसारखे राहिले.

या वाटणीची किंमत सिग्मंड फ्रॉइडने मोजली. १९२३ साली टाळूजवळची गाठ त्याने आधी परिचयातल्या डॉक्टरांना दाखवली. त्यांनी कर्करोगाची शंका त्याच्यापासून लपवली. मग व्हिएन्नातील नाक-घशाचे नामांकित प्राध्यापक मार्कुस हायेक यांनी शस्त्रक्रिया किरकोळ समजून उरकली. रक्तस्राव इतका झाला की रुग्ण दगावता दगावता वाचला. पुढे मुखशल्यतज्ज्ञ हान्स पिश्लर यांनी वरच्या जबड्याचा मोठा भाग काढला. फ्रॉइड आणखी १६ वर्षे जगला. हायेक नावाजलेले होते, पण हे काम पिश्लरांचे होते.

मुंबईत परळला १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले आणि कर्करोगाला स्वतंत्र घर मिळाले. तरीही रुग्ण तिथे पोहोचेपर्यंत उशीर होई. त्याआधी तोंडात डोकावणार कोण? या प्रश्नाचे महाराष्ट्रातील उत्तर दंतवैद्यांनी दिले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी राज्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली. निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध झाले. तंबाखूच्या सवयी आणि कर्करोगाआधीचे पांढरे चट्टे यांचा संबंध अशा पाहण्यांतूनच ठळक झाला.

म्हणून दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण आधी दंतवैद्याला, शक्यतो दंत महाविद्यालयाच्या ‘ओरल मेडिसिन’ विभागात दाखवावा. व्रण घशाच्या मागच्या बाजूस असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावा. दोघांपैकी जो मलम देऊन परत न पाठवता तुकडा काढून तपासणीला धाडतो, तो खरा उपयोगाचा. अहवालात कर्करोग निघाला, तरच पुढची पायरी कर्करोग-शल्यविशारदाची.