दुखानचं तेल आणि देवळालीचे मास्तर

कतारचं कच्चं तेल पहिल्यांदा जहाजात चढलं ते ३१ डिसेंबर १९४९ रोजी. दुखानच्या पहिल्या विहिरीत ते सापडून तोवर दहा वर्षं होत आली होती. मधे महायुद्ध आलं, १९४२ मध्ये विहिरी बुजवल्या गेल्या. युद्धानंतर काम पुन्हा सुरू झालं, आणि पूर्व किनाऱ्यावरच्या उम्म सईद बंदरापर्यंत पाइपलाइन पोचली तेव्हा कुठे तेल जगापुढे आलं. सापडणं वेगळं, पोचणं वेगळं.

संशोधनाचंही असंच असतं. त्याच १९४९ साली नाशिकजवळच्या देवळालीतले एक शाळामास्तर मद्रासच्या गणित परिषदेत आपला शोध सांगत होते. त्यांचं नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. फर्ग्युसनमध्ये शिकलेले, पण पीएचडी नाही, विद्यापीठात खुर्ची नाही. बरंचसं लेखन त्यांनी स्वतःच पुस्तिका काढून छापलं.

शोध असा: चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतं. १९४९ च घेऊन बघा: ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४. बरोबर सात!

कापरेकरांनी हा निबंध १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका'त छापला. निवड नेमकी होती. गणिताची हौस असलेला सामान्य वाचकही ते नियतकालिक वाचायचा. तरी जगभर नाव व्हायला आणखी वीस वर्षं गेली. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात कापरेकरांबद्दल लिहिलं, आणि मास्तर सगळीकडे पोचले.

वीस वर्षांनीही तो शोध उचलता आला, कारण तो पडताळता येत होता. दावा एका वाक्यात मावतो. कुठे लागू नाही, तेही स्पष्ट आहे. कृती इतकी उघड की कागद-पेन्सिल घेऊन कोणीही करून बघावी. लेखकाची पदवी विचारायची गरजच उरत नाही.

आता तुमच्याकडे या. दुखानच्या प्लांटवर किंवा दोह्याच्या लॅबमध्ये काम करता करता पेपर लिहिताय? आकडे कंपनीचे असतील तर आधी लेखी परवानगी घ्या. मग दावा पहिल्याच परिच्छेदात सांगा, मर्यादा लपवू नका, आणि आपला वाचक कुठलं नियतकालिक वाचतो ते शोधा. 'पैसे भरा, आठवड्यात छापू' म्हणणाऱ्यांपासून दूर राहा. २०१८ मध्ये भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी यूजीसीच्या यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली नियतकालिकं तपासली. त्यांतली ८८ टक्क्यांहून जास्त निकषांवर टिकली नाहीत. अशा जागी छापलेला पेपर म्हणजे बुजवलेली विहीरच.

पाठवण्याआधी एक करा. तुमच्या विषयातल्या, पण तुमच्या प्रकल्पाबाहेरच्या मित्राला मसुदा द्या. तुम्ही शेजारी बसून काही समजावू नका. नुसत्या कागदावरून त्याला तुमचं काम पुन्हा करता आलं, तर पेपर तयार आहे.